आजीची बुगडी, डावा कान

2 मार्च
आजीच्या ट्रंकेत पैंजण शोधताना पितळेची डबी हाताला लागली. आत पिवळा पडलेला कापूस, कापसात बुगड्यांची जोडी. मधे लाल खडा, भोवती सात मोती. एकीचा एक मोती गेलेला. मागे आटे पाडलेली दांडी आणि तिच्यावर मसुराच्या डाळीएवढी फिरकी. आजीच्या लग्नात, 1968 साली, तिच्या आईनं कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, घडवून घेतलेली.

आजीच्या दोन्ही कानांना वरच्या कोरीवर एकेक भोक आहे. ते मी जन्मापासून बघतेय, पण कशाचं हे कधी विचारलं नव्हतं. आता आमच्यात बुगडी घालतात ती दाबाची. लग्नात अर्धा तास घातली की कान लाल होतो आणि हळदीत नाचताना ती कुठंतरी पडतेच. माझ्या ओळखीच्या एकाही मुलीच्या कानाला बुगडीचं खरं भोक नाही.

मी आजीला म्हटलं, "मी टोचून घेतो." आजी म्हणाली, "वरचं हाड हाय ते पोरी. पाळीगत न्हाई."

मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सतराची. आमच्याकडे प्रोजेक्टची डायरी लिहावी लागते: तारीख, काय केलं, काय मोजलं, काय अडलं. ही वही तशीच लिहिणार.

5 मार्च
व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घरी आणला. बुगडीची दांडी आट्यांवर 1.05 मिमी, लांबी 7 मिमी. फिरकी पूर्ण बसल्यावर मधे 4 मिमी जागा उरते. आजीच्या कानाची कोर भोकाजवळ 2.8 मिमी, माझी 3 मिमीच्या आसपास (कान मऊ असल्यामुळे व्हर्नियर दाबेल तसं माप बदलतं, म्हणून तीनदा घेतलं). एका बुगडीचं वजन 2.1 ग्रॅम. आजीचं डावं भोक सरळ नाही, तिरकं गेलंय. म्हणून तिची डावी बुगडी नेहमी खाली मान घालायची म्हणे.

9 मार्च
आजीसोबत गुजरीत. महाद्वार रोडवरून आत वळलं की तिसऱ्या-चौथ्या पेढीवर आजीचे ओळखीचे सोनार बसतात, आता त्यांचा मुलगा. त्यांनी बुगडी हातात घेतली आणि लगेच आयग्लास डोळ्याला लावला. "हे आता कोण करतंय मावशी," म्हणाले. मोती बसवून देतो, दांडी सरळ करतो, फिरकीचे आटे झिजलेत ते नवे पाडतो म्हणाले.

कान टोचायचं विचारलं तर नाही म्हणाले. त्यांचे आजोबा टोचायचे. सोन्याची तार घासून टोकदार करायची, कानात ओवून तिथंच वळवून टाकायची, मग रोज तेल-हळद. बाळांच्या पाळ्या ते अजून टोचतात. "वरचं मी टोचत न्हाई. बिघडलं तर कान जातोय." सोनारानंच कान टोचावेत असं आपण म्हणतो, इथं सोनारच म्हणतोय की हे माझं काम नव्हे. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटला.

येताना आजी बोलती झाली. तिचे कान टोचले तेव्हा ती अकरा वर्षांची. चार महिने कुशीवर झोपली नाही. डाव्या कानाला पाणी सुटलं, मग तार काढून कडुलिंबाची काडी घातली, भोक भरताना वाकडं भरलं. हे सगळं ती भाजी निवडताना बोलावं तसं सांगत होती.

17 मार्च
ही नोंद लिहावी की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. वर्गातल्या मैत्रिणीनं मागच्या दिवाळीत कानाच्या वरच्या बाजूला टोचून घेतलं होतं, एका दुकानात, कान टोचायच्या गननं. परवा तिनं केस बाजूला करून दाखवलं. वरची कोर आत मुडपलीय, पापडाची कड तेलात आखडते तशी. पाचव्या दिवशी कान लाल आणि गरम झाला, वरचा अख्खा भाग सुजला, पाळी मात्र जशीच्या तशी. घरच्यांनी हळद लावली, मग मेडिकलमधून विचारून गोळ्या आणल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत आत पू झाला होता. चार दिवस ॲडमिट. ती म्हणाली, "तू करणार असशील तर नीट कर. मला कुणी सांगितलंच न्हवतं."

ती आता केस मोकळेच ठेवते. मला वाटायचं, तिला आवडतात म्हणून.

18 मार्च
गन का नको, हे आता मेकॅनिकलच्या भाषेत मांडता येतं. गनमधली कुडी टोकदार दिसते, पण ती सुई नव्हे. स्प्रिंगच्या जोरावर ती बोथट टोक आत रेटते. पाळी मऊ, ती सहन करते. वरच्या कोरीतलं लवचीक हाड म्हणजे कूर्चा, ती सहन करत नाही. चिरडते, कधी तडकते. शिवाय गनचं अंग प्लॅस्टिकचं असतं, ते ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात) घालता येत नाही, स्पिरिटनं पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला. मागचा चाप घट्ट बसतो, सुजायला जागाच उरत नाही. पोकळ सुईला मात्र धार असते, ती कापत जाते. पत्र्याला खिळा ठोकून भोक पाडणं आणि ड्रिलनं पाडणं यात जो फरक, तोच.

24 मार्च
आज आजोबांचा कान मोजला.

आजोबा तरुणपणी गंगावेश तालमीत होते, खासबागेत कुस्त्या केलेल्या. शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान, 1912 सालचं. आमच्या घरात त्याचं नाव देवळासारखं घेतात. आजोबांचे दोन्ही कान मोडलेले आहेत. त्यांना कान, नाक, घसा तपासायला नेलं होतं, तेव्हा डॉक्टरांना मी विचारून घेतलं. डॉक्टर चांगले, कागदावर चित्र काढून सांगितलं.

कानाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दुधावरच्या सायीसारखं पातळ आवरण असतं, त्यातून तिला अन्न झिरपतं. कुस्तीत कान घासून घासून, दाबून ते आवरण सुटतं, मधे रक्त साचतं, कूर्चा उपाशी राहते आणि आक्रसून कडक होते. पैलवानाचा कान मोडतो तो असा. टोचल्यावर जंतू शिरले तरी तेच. आवरणाखाली पू साचतो आणि कूर्चा मरते. असं करणारा नेहमीचा जंतू स्यूडोमोनास, तो ओलाव्यात वाढतो. रक्त पोचत नाही तिथं औषधही नीट पोचत नाही, म्हणून वाट बघायची नाही. वरचा कान लाल, गरम, सुजलेला आणि पाळी ठीक, असं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. (मैत्रिणीचं हेच झालं होतं.)

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं: घरात कुणाला केलॉइड? म्हणजे जखमेपेक्षा मोठा, वाढत जाणारा वण. घरी येऊन आई, पप्पा, आत्या, मामा सगळ्यांचे दंडावरचे लशीचे वण बघितले. सपाट. माझ्या पाळीच्या भोकांनाही काही नाही.

आजोबा संध्याकाळी म्हणाले, "माझा मोडला तो लढून मोडला. तुझा उगं मोडू नको."

6 एप्रिल
पिअर्सिंगचा एक स्टुडिओ बघून आले, नुसता बघून. तिथल्या टोचणाऱ्या ताईंनी ऑटोक्लेव्ह दाखवला. 121 अंश, वाफ, दाब. प्रत्येक सुईचं वेगळं पाकीट, त्यावरची पट्टी वाफेनं रंग बदललेली. अठराखाली आई किंवा वडील समोर हवेत, सही हवी. नसतील तर टोचत नाहीत. मी विचारण्याआधीच हे सांगितलं, तेव्हाच माझं मन तिथं बसलं.

बुगडीची जागा त्यांना फोटोंवरून माहीत होती. पण हातातली बुगडी बघून त्या पाचेक मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग दोन मुद्दे. एक, भोक कोरीच्या काठाला फार जवळ नको, 2 ग्रॅम वजन पुढं त्याला ओढत नेईल. दोन, बुगडी ही भरलेल्या कानाचा दागिना, ओल्या भोकाचा नव्हे. मोत्यांच्या मागं घाण अडकते आणि जुन्या सोन्यात सांधे जोडायला कुठं कुठं डाग दिलाय, त्यात काय धातू आहे ते सांगता येत नाही. आधी टायटॅनियमची चपट्या पाठीची कुडी, वर्षभर. दोन्ही कान एकदम नको, एक कुशी झोपायला मोकळी राहू दे.

वर्षभर! मी नवरात्रात घालायचं ठरवलं होतं.

11 एप्रिल
आईला सांगितलं. आई नाही म्हणाली. तिचं म्हणणं भोकाबद्दल नव्हतंच. "लोक म्हणतील पोरगी फॅशनच्या नादी लागली." आजी आतून म्हणाली, "माझ्या कानाला काय फॅशन होती व्हय?" आई गप्प झाली, पण "हो" काही म्हणाली नाही.

पप्पा शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहेत. त्यांनी एकच विचारलं, "मटेरियल कुठलं?" मी वही दिली. इंप्लांट ग्रेड टायटॅनियम, एएसटीएम एफ 136 हे त्याचं मानक, म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. हाडात घालायच्या इंप्लांटना वापरतात ते. निकेल नाही. मला खोट्या कानातल्यांनी खाज येते ती निकेलनं. पप्पा म्हणाले, सर्टिफिकेट बघितल्याशिवाय सही नाही. स्टुडिओतून सर्टिफिकेटचा फोटो मागवला, पप्पांनी हीट नंबरसकट (धातू कुठल्या ओतीतला तो नंबर) वाचला.

20 एप्रिल
आईनं वही वाचली. मैत्रिणीची 17 मार्चची नोंद वाचून तिनं विचारलं, आता तिचा कान कसा आहे. मग म्हणाली, परीक्षा झाल्यावर बघू.

28 मे
झालं. डावा कान. आजी म्हणाली मुलीचा डावा आधी. तेच सुश्रुतसंहितेत आहे, सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय: मुलाचा उजवा आधी, मुलीचा डावा. तिथं पाळी टोचण्याचं वर्णन आहे. सूर्याचा उजेड कानातून आरपार दिसतो तिथं टोचावं, आणि कालिका, मर्मरिका, लोहितिका या शिरा चुकवाव्यात, नाहीतर ताप, सूज, गाठी येतात. ताईंनी कानामागं बारकी टॉर्च धरली आणि म्हणाल्या, इथं एक शीर आहे, एक मिलिमीटर वर घेऊ. माझ्या अंगावर काटा आला, सुईच्या आधीच.

आई खुर्चीशेजारी. जांभळ्या शाईचा ठिपका, आरशात बघितला, एकदा पुसून पुन्हा दिला. 16 गेजची पोकळ सुई, 1.2 मिमी. श्वास आत, बाहेर. दुखण्याआधी आवाज आला. ओली काकडी दाताखाली फुटावी तसा, पण डोक्याच्या आतून. मग कान तापला, तव्यापाशी नेल्यासारखा. रक्त एक थेंब. कुडीची दांडी 8 मिमी, कान 3 मिमी; उरलेली जागा सुजेसाठी.

खर्च 2,600 रुपये. आईनं माझा हात सोडला तेव्हा तिच्या बांगडीचा वळ माझ्या मनगटावर उठला होता.

29 मे
सूज. कान जड. सलाईन सकाळ-संध्याकाळ: मेडिकलमधलं निर्जंतुक, 0.9 टक्के मिठाचं. गॉझ भिजवून नुसता ठेवायचा, मग कोरडा गॉझ. फिरवायचं नाही, खपली नखानं काढायची नाही. स्पिरिट नाही, मलम नाही.

आजी हळद-खोबरेल घेऊन आली. मी नको म्हटलं आणि तिचा चेहरा उतरला. सांगायला जड गेलं. तेलानं भोक बुजतं, आतला पाझर आतच राहतो. ती म्हणाली, "मग मी काय करू?"

1 जून
आजीनं काय केलं ते नीट लिहून ठेवते.

झोपेत कूस वळतेच आणि डावा कान उशीत दाबला जातो. दुकानात मधे भोक असलेल्या उशा मिळतात, मी त्या आजीला मोबाईलवर दाखवत होते. तिनं मोबाईल बाजूला केला आणि जुनं लुगडं काढलं. त्याची पट्टी फाडली, पिळली, वेटोळं केलं, वरून दुसरी पट्टी गुंडाळत गेली. चुंबळ! नदीवरून घागर आणताना डोक्यावर ठेवायची तीच. फक्त नेहमीपेक्षा मोठी, मधे माझा कान मावेल एवढी. शेवटचं टोक आत खोचून तिनं वर पांढरा अभ्रा शिवला, रोज बदलता यावा म्हणून दोन.

बाहेरून आडवं माप 26 सेंटीमीटर, आतली पोकळी 9, उंची 6. उशीवर ठेवून डाव्या कुशीवर झोपले. कान हवेत अधांतरी. चार रात्रींत पहिल्यांदा सलग झोप लागली. नऊवारीचं कापड, कितीदा धुतलेलं, गालाला लागतच नाही.

15 जून
सूज उतरली. पांढुरकी खपली, वास नाही. फोन उजव्या कानाला. स्कार्फ बांधायची पद्धत बदलली, गाठ उजवीकडे.

27 जुलै
पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला इशाऱ्याच्या 39 फुटांवर गेली, धोक्याची 43. चिखलीतली मावशी मुलांसकट आमच्याकडे आली. घरात अकरा माणसं. चुंबळ मावशीच्या पाहुण्या सासूबाईंच्या डोक्याखाली, मी मागितली नाही. त्यांचं घर पाण्यात होतं.

आज मावशीच्या दीड वर्षाच्या पिल्लानं कडेवर घेतल्याबरोबर चमकती कुडी मुठीत धरून ओढली. डोळ्यांपुढं अंधारी आली. रक्त. पोराला रागावता येईना, ते हसत होतं.

3 ऑगस्ट
भोकाच्या मागं गुलाबी फोड, ज्वारीच्या दाण्याएवढा, ओलसर. मी रात्रभर जागी. मैत्रिणीचा कान डोळ्यांपुढून जाईना.

सकाळी पहिल्या नंबरला डॉक्टर. कान गरम नाही, कोर सुजलेली नाही, ताप नाही. डॉक्टर म्हणाले, कूर्चेपर्यंत गेलेलं नाही. केलॉइडही नाही, ते हळूहळू, महिन्यांनी वाढतं आणि भोकाच्या बाहेर पसरतं. हा ओढ आणि ओलाव्यानं आलेला फोड, कारण गेलं की जातो. कुडी स्वतःहून काढू नकोस, आत काही असलं तर तोंड बंद होईल.

10 ऑगस्ट
स्टुडिओत. 8 मिमीची दांडी काढून 6 ची घातली. सूज उतरल्यावर लांब दांडी हलते आणि भोक तिरकं करते; हे सहा-आठ आठवड्यांनीच करायला हवं होतं. पुरात राहून गेलं. केस धुतल्यावर ड्रायर, गार हवेवर. पावसाळ्यात कोल्हापुरात टॉवेलच वाळत नाही, तिथं कान कसा वाळणार?

7 सप्टेंबर
फोड गेला. मागं गुलाबी डाग.

12 ऑक्टोबर
नवरात्रात बुगडी घातली नाही. अंबाबाईला जाताना आजीनं तिचीच बुगडी स्वतःच्या कानात घातली, कित्येक वर्षांनी. गुजरीतून नवा मोती लावून आलेली. डावी अजूनही मान खाली घालते.

14 डिसेंबर
मामेभावाचं लग्न. मामी म्हणाली, वरून तर भरलंय की, घाल की एक दिवस. वरून भरलंय हे खरं. पण भोक बाहेरून आत भरत येतं. तोंडाशी कोरडं दिसलं तरी मधे कच्चं असतं. मी कोल्हापुरी साज घातला, बुगडी नाही. मामी रुसली. मला वाईट वाटलं, पण घातली नाही.

2 फेब्रुवारी
किरणोत्सव. मावळतीचे किरण देवीपर्यंत पोचताना गर्दीतून दिसले, अर्धा मिनिट असेल. देवळाबाहेर आले तर आजी माझा कान उन्हाकडं वळवून बघत होती. म्हणाली, "लालसरपणा गेलाय. आरपार सारखा दिसतोय."

31 मे
एक वर्ष आणि तीन दिवस. आठ दिवस आधी सोनारांनी बुगडीची दांडी झाळली आणि उजळवून दिली. ताईंनी कुडी काढली, भोक सरळ, आतून कोरडं. बुगडी गरम पाण्यात साबणानं धुऊन, पुसून आजीनंच घातली. दांडी 1.05, भोक 1.2, आरामात गेली. फिरकी फिरवताना आजीची बोटं थरथरत होती. तीन वेढे, मग थांबली, मग अर्धा. पहिल्या दिवशी दोन तासच.

बुगडी सरळ बसते. आरशात नव्हे, आजोबांच्या तोंडाकडं बघून कळलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आजीला म्हणाले, "तुझ्यापेक्षा बरी बसलीया."

उजवा कान 15 जूनला. आता मी अठराची, सही माझी मीच करणार. तरी आई येणार आहे. चुंबळीचे दोन्ही अभ्रे धुऊन वाळत घातलेत, पावसाच्या आत वाळले पाहिजेत.